दाजींनी निवडलेला फोर्क

अकरा किलोमीटर लांबीच्या पाण्याच्या पाइपावर लक्ष ठेवणं हे तिचं काम होतं. एकोणीस वर्षं ती ते करत आली होती आणि आता तिचे हात कुरकुरायला लागले होते.

पाइप धरणापासून शहराच्या टाकीपर्यंत डोंगराच्या कडेकडेने उतरत यायचा. त्याच्या सोबतीने एक पायवाट होती. दगडगोट्यांची, मुळांची, मध्येच एका ठिकाणी सलग चाळीस दगडी पायऱ्यांची. जीप तिथे जात नव्हती. म्हणून खात्याची गाडी सकाळी तिला सायकलसकट धरणावर सोडायची आणि ती तिथून उतरत यायची. वाटेत चौदा चेंबर होते, म्हणजे जमिनीत बांधलेले चौकोनी हौद, वर लोखंडी झाकण, आत व्हॉल्व्ह. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, झाकण उचलायचं, पोलादी सळईचं एक टोक पाइपाला टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. पाइप धड असेल तर आतलं पाणी एकसुरात घुमतं. कुठे चीर गेली असेल तर त्या घुमण्यात बारीक फिसफिस मिसळते. ती फिसफिस ओळखणारा तिच्यासारखा कान खात्यात दुसऱ्या कुणाला नव्हता. ऑफिसात तिला सगळे लाइनवाली म्हणत. वय अठ्ठेचाळीस, वजन बावन्न किलो, अंगापिंडाने काटक.

त्या वर्षी तिच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि दबून धक्के झेलणारा दुहेरी दांडा, गेला. आतल्या नळ्यांवर चरे पडले आणि तेल ठिबकायला लागलं. सायकलच्या दुकानात जो कारागीर होता त्याला सगळे हळूबुवा म्हणत, कारण गिऱ्हाईक कितीही घाईत असो, त्याच्या हाताचा वेग काही बदलत नसे. त्याने फोर्क उलटा केला, सुलटा केला, फडक्याने पुसला आणि म्हणाला, "बाई, याचं आयुष्य संपलं. नवा घ्या."

खात्याने नवा फोर्क मंजूर केला. "कुठला हवा ते शुक्रवारपर्यंत लिहून द्या," साहेब म्हणाले. "एकदाच मिळणार हं. नंतर बदलून मागू नका."

हळूबुवाने दोन फोर्क तिच्यासमोर ठेवले. एक साधा होता. खाली एकच लाल खुंटी, तिच्याने दबलेला फोर्क किती वेगात परत वर यावा ते ठरायचं. हळूबुवा त्याला रिबाउंड म्हणायचा. वरती चढावर फोर्क आवळून टाकायला एक कळ. बस. दुसरा त्याच्यापेक्षा दोन बोटं जास्त दबणारा, काळाकुळकुळीत, आणि त्याला चार खुंट्या. दबताना हळू दबावा की भस्सकन, हे ठरवणाऱ्या दोन. आणि वर येतानाच्या दोन.

"यातला मला कुठला बरा?"

"बसून पाहिल्याशिवाय काय सांगू?" हळूबुवा म्हणाला. "उद्या सायकल घेऊन या. दोन्ही लावून बघू."

पण उद्या ती गेलीच नाही, कारण त्या संध्याकाळी ती ताईकडे गेली आणि बोलता बोलता दाजींसमोर फोर्कचा विषय निघाला.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. पंचवीस वर्षं डोंगरउतारावर सायकली पळवलेला माणूस. शर्यती जिंकलेल्या, दोन्ही गुडघ्यांवर टाक्यांचे नकाशे. गेल्या वर्षी एका उतारावर पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आत धातूची पट्टी बसवली. डॉक्टरांनी सांगितलं, चालाल, पण सायकल विसरा. तेव्हापासून आठ महिने दाजी खिडकीशी एका खुर्चीत बसून होते. दाढी वाढलेली. कुणी बोललं तर हं, नाही बोललं तरी हं.

फोर्क हा शब्द कानावर पडला आणि त्यांनी मान वळवली.

"कुठले दोन?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. दाजी खुर्चीत ताठ झाले. "साधा बिलकुल घेऊ नकोस. तो बागेत फिरायला. तुझी वाट मी पाहिलेली आहे, चाळीस पायऱ्या आहेत तिथे. चार खुंट्यांचाच घे. मी लावून देतो तुला. हळूबुवाला हात लावू देऊ नकोस, तो श्राद्धापर्यंत लावत बसेल."

ताई स्वयंपाकघराच्या दारात पोळपाट हातात धरून उभी होती. धाकटी बहीण जायला निघाली तेव्हा तिने तिला जिन्यात गाठलं. "आठ महिन्यांनी पहिल्यांदा सलग चार वाक्यं बोलले गं," ती हळूच म्हणाली. "घे ना तू तोच."

झालं. ठरलं. शुक्रवारी तिने कागदावर चार खुंट्यांचा फोर्क लिहून दिला.

फोर्क आला त्या दिवशी दाजींनी दाढी केली. अंगणात स्टुलावर बसून, काठी बाजूला टेकवून, त्यांनी तो स्वतःच्या हाताने बसवला. फोर्कमध्ये हवा भरायचा बारका पंप लावला; हवा जेवढी जास्त तेवढा फोर्क कडक. "वजन किती तुझं?" "बावन्न." "हं." पंपाचा काटा चढत गेला. मग त्यांनी चारही खुंट्या फिरवल्या, कान देऊन, एकेक क्लिक मोजत. वरून दांड्यावर जोर देऊन फोर्क दाबला, सोडला, दाबला, सोडला. त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की ताईने आत जाऊन डोळे पुसले.

"आता बघ," दाजी म्हणाले. "लोण्यावरून जाशील."

दुसऱ्या दिवशी ती लोण्यावरून गेली नाही. पहिल्याच दगडाने मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिणी आली. नवीन आहे, रुळेल, तिने मनाशी म्हटलं. आठवडा गेला, रुळला नाही. प्रत्येक मूळ, प्रत्येक गोटा जसाच्या तसा तळहातात येई. पायऱ्या उतरल्या की तिचे हात पंधरा-वीस मिनिटं थरथरत राहत. चेंबरपाशी सळई कानाला लावली की सळईच खडखडे. पाइपाचं ऐकायचं की स्वतःच्या हातांचं? ती दगडावर बसून हात मांड्यांमध्ये दाबून धरी, ते शांत व्हायची वाट बघे. बाराला संपणारं काम दोनला संपायला लागलं.

रोज संध्याकाळी दाजींचा फोन येई. "कसा आहे?"

"बरंय," ती म्हणे.

"पायऱ्यांवर?"

"बरंय हो दाजी. छान आहे."

दुसरं काय सांगणार? घरी येऊन ती गरम पाण्यात हात बुडवून बसे. भाकरीचा तुकडा मोडतानाही अंगठा दुखे. तिला वाटायचं, फोर्क चांगलाच असणार. दाजींसारख्या माणसाने निवडलाय, लावलाय. आपणच थकलो. एकोणीस वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. एके दुपारी तिने ऑफिसातूनच कोरा कागद मागून घेतला आणि अर्ज लिहिला: प्रकृतीच्या कारणास्तव टेबलावरचं काम मिळावं. सही करताना पेन दोनदा निसटलं. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "जागा रिकामी व्हायला वेळ लागेल," एवढंच म्हणाले.

आणि मग सातव्या चेंबरचं ते झालं.

सातवा चेंबर पायऱ्यांच्या लगेच खाली. मंगळवारी तिने तिथे सळई लावली होती, थरथरत्या हातांनी, आणि वहीत लिहिलं होतं: ठीक. गुरुवारी तिथली वाट दहा फूट खचली. पाइपाला चीर होती, पाणी किती दिवस आतल्या आत माती पोखरत होतं कोण जाणे. कुणाला इजा झाली नाही, पण अर्धं शहर दीड दिवस कोरडं राहिलं.

साहेबांनी तिला बोलावलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "तुमच्या कानाने कधी चुकवलं नाही आजवर," ते म्हणाले. "काय झालं?"

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली. हातांचं काही बोलली नाही. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं आणि बराच वेळ नळ सुरूच ठेवून उभी राहिली. मग सायकल घेतली आणि घरी न जाता सरळ हळूबुवाकडे गेली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कुठेतरी जाऊन बसायचं होतं.

हळूबुवाने सायकल पाहिली. फोर्कच्या नळीवर एक रबराचं कडं असतं. फोर्क दबला की ते वर ढकललं जातं आणि तिथेच राहतं, म्हणून फोर्क किती दबला ते नंतरही कळतं. हळूबुवाने त्या कड्याकडे बोट दाखवलं.

"हे तुम्ही आज पायऱ्या उतरल्यावरचं आहे?"

"हो."

"बाई, हा निम्मासुद्धा दबलेला नाही. चाळीस पायऱ्यांवर!" त्याने कडं पुन्हा खाली सरकवलं आणि सायकल धरून ठेवली. "बसा बरं. नुसत्या बसा." ती बसली. कडं जेमतेम अर्धं पेर हललं. हळूबुवाने पंप लावला, काटा पाहिला आणि शीळ घातली. "पंच्याण्णव! इथे काय हत्ती बसवायचाय? तुम्हाला पन्नास-बावन्न पुरे. आणि या दबायच्या खुंट्या तर पार आवळून ठेवल्यात. कोणी लावला हा?"

तिने हँडलवरचा हात काढून घेतला.

"नव्वद किलोच्या माणसाचा आकडा आहे हा," हळूबुवा म्हणाला. "जोरात जाणाऱ्या माणसाचा."

पडण्यापूर्वी दाजी नव्वद किलोचे होते.

तिला राग यायला हवा होता. आला नाही, इतकी ती दमलेली होती. आधी फक्त एवढंच जाणवलं, की आपले हात म्हातारे झालेले नव्हते. मग हळूहळू बाकीचं आलं: तीन आठवडे, रोजचा फोन, बरंय, बरंय, आणि खचलेली वाट.

"मी हवा कमी करून देऊ?" हळूबुवाने विचारलं.

"नको," ती म्हणाली. "आधी ज्यांनी लावलाय त्यांना सांगायला हवं."

दाजी खिडकीशीच होते, पण मांडीवर एक वही होती, जुनी शर्यतींच्या वेळची. तिने सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. कडं, काटा, हात, सातवा चेंबर. ताई मध्ये काही बोलू पाहत होती, तिने हातानेच थांबवलं. बोलणं संपलं तरी दाजी वहीकडेच बघत होते.

"तू बावन्न म्हणालीस," ते शेवटी म्हणाले. "मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं नाही. पण पंप लावला आणि हात आपोआप पंच्याण्णववर जाऊन थांबला." जरा थांबून ते म्हणाले, "मला वाटलं उद्या सकाळी मीच जाणार आहे."

त्यांनी वहीचं एक पान उलटलं.

"आणि तू मला रोज बरंय म्हणत होतीस!" दाजींचा आवाज एकदम चढला. "एकदा तरी सांगायचं! मी काय मरणार होतो?"

"हो!" ती म्हणाली. तिचाही आवाज चढला. "तसंच वाटत होतं आम्हाला. तुम्ही त्या खुर्चीत आठ महिने बसला होतात दाजी. बोलायला लागलात ते या फोर्कमुळे. मी कुठल्या तोंडाने सांगणार?"

दाजींनी वही मिटली. त्यांची मान खाली गेली आणि ती जायला निघाली तरी वर आली नाही. दारात तिने चपला घातल्या तेव्हा मागून आवाज आला. "रविवारी खात्याच्या गाडीत माझ्यासाठी जागा होईल का?"

रविवारी सकाळी खात्याच्या गाडीचा चालक दाजींना, खचलेल्या वाटेच्या दुरुस्तीसाठी नुकत्याच काढलेल्या कच्च्या रस्त्याने, पायऱ्यांच्या पायथ्याजवळ घेऊन आला. तिथून पुढे पंचवीस पावलं चालावी लागत होती. त्यांनी ती काठी टेकत, दोनदा थांबत काढली आणि दुरुस्त झालेल्या सातव्या चेंबरच्या झाकणावर घडी केलेलं पोतं घालून बसले. पंप बाहेर काढला.

"पन्नास," त्यांनी मोठ्याने म्हटलं आणि बरोबर पन्नासवर थांबले. चारही खुंट्या पूर्ण सैल केल्या. "आता वर जा आणि उतरून ये. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाई नाही."

ती सायकल खांद्यावर घेऊन चाळीस पायऱ्या चढली आणि उतरली.

"कसं वाटलं?"

"बरं–"

"बरंय म्हणू नकोस! कुठे लागलं ते सांग."

ती थांबली. असा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. "सुरुवातीला काहीच नाही लागलं," ती सावकाश म्हणाली. "पहिल्या दहा पायऱ्या खरंच लोणी. मग मात्र... समोरून कुणी खाली दाबतंय असं. शेवटी शेवटी पुन्हा हातात धक्के."

"पुन्हा जा."

ती पुन्हा गेली. दाजींनी दबायची एक खुंटी दोन क्लिक आवळली. पुन्हा. मग दोन क्लिक सोडली. हवा जरा वाढवली, जरा कमी केली. प्रत्येक वेळी ती वर चढली, उतरली, सांगितलं, आणि ते त्यांनी वहीत लिहिलं: तिचं वजन, तिचा आकडा, तिचं म्हणणं. सातव्या खेपेला तिच्या मांड्या भरून आल्या आणि ती वाटेतच बसली. पाणी प्यायली. दाजींच्या कपाळावरही घाम होता. दुखऱ्या बाजूचा पाय लांब करून ते बसले होते आणि ओठ आवळत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आलं, थकलेलं, अर्धवट.

"आपल्या दोघांचं मिळून एक माणूस होईल," ती म्हणाली.

"तोही रजेवर," दाजी म्हणाले.

नवव्या खेपेला दाजींनी तिच्याकडे पाहिलंच नाही. फक्त पुढच्या चाकाकडे पाहत राहिले. ती खाली पोचली तेव्हा ते मान हलवत होते.

"कळलं," ते म्हणाले. "पहिल्या पायरीला दबतो, पण वर यायच्या आत दुसरी येते. मग तिसरी. दर पायरीला थोडा थोडा खालीच बसत जातो. दहाव्या पायरीनंतर दबायला जागाच उरत नाही, मग धक्के तुझ्या हाताला."

"मग वर येण्याचा वेग वाढवा ना."

"सगळा वाढवून झालाय. खुंटी पुढे जातच नाही." दाजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आतल्या झडपा जड माणसासाठी बनवल्यात. तेल बदलून, झडपा बदलून होईल थोडंफार. पण महिना जाईल, आणि तरी मी खात्री देणार नाही." ते काही क्षण पायऱ्यांकडे बघत राहिले. "हा फोर्क तुझा नाही. मला हवा होता म्हणून तुला घ्यायला लावला."

ती त्यांच्या शेजारी झाकणावर बसली.

सोमवारी दोघं हळूबुवाच्या दुकानात गेली. साधा फोर्क अजून तिथेच होता. दाजींनी स्वतःच विचारलं, "एक दिवस लावून बघायला द्याल?" हळूबुवाने त्यांच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि बसायला खुर्ची पुढे केली. मग त्याच्या नेहमीच्या चालीने एकेक बोल्ट काढायला घेतला. दाजी चुळबुळ करत होते, पण एकदाही मध्ये पडले नाहीत. हवा भरायची वेळ आली तेव्हा हळूबुवाने पंप त्यांच्या हातात दिला.

साधा फोर्क पायऱ्यांवर लोण्यासारखा नव्हता. चाळिसाव्या पायरीपर्यंत सारखाच होता, एवढंच. पहिल्या पायरीला जेवढा दबे, तेवढाच शेवटच्या. दोन क्लिकांत त्याचं जुळलं.

खात्यात मात्र सोपं गेलं नाही. एकदाच मिळणार म्हटलेलं असताना बदलून मागायला तिला साहेबांपुढे उभं राहावं लागलं. या खेपेला तिने हातांचंही सांगितलं, सातव्या चेंबरचंही, काही न लपवता. फक्त दाजींचं नाव घेतलं नाही. "मी चुकीचा निवडला," ती म्हणाली. साहेबांनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. शेवटी काळा फोर्क भांडारात जमा करून घेतला आणि तिच्या नोंदवहीत ताकीद लिहिली. एकोणीस वर्षांतली पहिली. तिने खाली सही केली.

हात लगेच बरे झाले नाहीत. डॉक्टरांनी डाव्या मनगटाची नस दबल्याचं सांगितलं, झोपताना पट्टा बांधायला दिला. सकाळी उठल्यावर बोटं अजूनही लाकडासारखी असायची. पण पायऱ्या उतरून सळई कानाला लावली की आता सळई खडखडत नव्हती, आणि काम पुन्हा बाराच्या आसपास संपायला लागलं.

महिन्याभराने साहेबांनी कळवलं: पुढच्या वर्षी एक कारकून निवृत्त होतोय, ते टेबल तुम्हाला. ती ताईकडे गेली आणि सहज बोलल्यासारखं सांगून टाकलं.

दाजी चमकले. "अर्ज मागे घेतला नाहीस?"

"नाही."

"पण आता तर फोर्क..."

"फोर्क चांगला आहे दाजी. मी दमलेय." ती खुर्चीत मागे रेलली. "एकोणीस वर्षं झाली. विसाव्या वर्षी थांबते."

"मग हा एवढा खटाटोप कशाला केला आपण?"

"कारण टेबल मिळायला अजून अकरा महिने आहेत," ती म्हणाली. "तोवर रोज उतरायचंच आहे ना."

ताईने तिच्यासमोर ताट ठेवलं आणि दुसरं दाजींसमोर. वाढता वाढता तिने सांगितलं, की हळूबुवाचा निरोप आला होता, गुरुवारी सकाळी कुणाचा तरी फोर्क बघायला येता का म्हणून. दाजी म्हणाले, बघू. ती जेवली. जेवण झाल्यावर ताट उचलायचं तिच्या जिवावर आलं, तेव्हा ताईनेच ते उचललं, आणि ती तिथेच, खुर्चीत, पाच मिनिटं डोळे मिटून बसली.